घारे डोळे आणि सोलापूरचं ऊन: रंगाचं कारण वेगळं, डोळा मिटण्याचं वेगळं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे आणि तुमच्या मिस्टरांचे डोळे काळेभोर. मुलगा चार वर्षांचा आणि त्याचे डोळे घारे, उजेडात किंचित हिरवट वाटणारे. माहेरी-सासरी असे डोळे कुणाचे आठवत नाहीत, त्यामुळे नात्यात कुजबुज चालू आहे. शिवाय उन्हात नेलं की तो एक डोळा मिटून घेतो. घाऱ्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, मोठा झाला की सवय होईल, असं सगळे सांगतात. तुम्ही विचारलंय की हा रंग आला कुठून, डीएनए तपासणी करून घ्यावी का, आणि सोलापूरच्या उन्हात त्याला कायम काळा गॉगल लावावा का.

मी सोलापुरातच डोळ्यांची डॉक्टर आहे आणि लहान मुलं तपासणं हे माझं रोजचं काम. तुमच्या प्रश्नात दोन गोष्टींची गाठ बसली आहे. रंग कुठून आला ही एक आणि ऊन का सोसत नाही ही दुसरी. घरच्यांनी पहिलीचं उत्तर परस्पर दुसरीला लावून टाकलंय. रंगाबद्दल काळजी करण्यासारखं बहुधा काही नाही. पण तो एक डोळा मिटतो, दोन्ही नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मला सगळ्या प्रश्नात तेच महत्त्वाचं वाटलं. त्याकडे येतेच. आधी रंगाचं बोलू, कारण तुमचा जीव तिथे अडकला आहे.

बाहुलीभोवती जो रंगीत गोल दिसतो त्याला आम्ही आयरिस म्हणतो. त्याचे ढोबळमानाने दोन थर. मागचा थर जवळपास सगळ्या माणसांत गडद काळपट असतो, डोळे निळे असोत, घारे असोत की काळे. फरक पडतो तो पुढच्या थरात. पातळ कापडाला मागून काळं अस्तर लावावं तशी ही रचना आहे. कापड कमी-जास्त रंगवलेलं असतं, अस्तर मात्र तेच. रंग देणारं द्रव्य एकच, मेलॅनिन. निळं किंवा हिरवं असं वेगळं द्रव्य माणसाच्या डोळ्यात नसतंच. पुढच्या थरात मेलॅनिन भरपूर असेल तर डोळा काळा किंवा तपकिरी दिसतो. अगदी कमी असेल तर आत शिरलेला प्रकाश बारीक धाग्यांवर विखुरतो, निळा भाग जास्त परत येतो आणि डोळा निळा दिसतो. आकाश निळं दिसण्याचं कारणही याच जातीचं. घारा डोळा या दोन्हींच्या मधे पडतो. त्यात मेलॅनिन असतं पण बेताचं, आणि विखुरलेला प्रकाश त्यात मिसळला की हिरवट झाक येते. म्हणून तुमच्या मुलाचे डोळे ट्यूबलाइटखाली तपकिरी आणि खिडकीशी हिरवट वाटत असतील. त्यात काही बिघाड नाही.

असे डोळे स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या आमच्या दिव्याच्या यंत्राखाली) आले की मी क्षणभर जास्त रेंगाळते, हे कबूल. बाहुलीला लागून तपकिरी कडं असतं, त्याबाहेर पिवळसर-हिरवा पट्टा, आणि बाहुलीपासून काठापर्यंत पांढुरके धागे ताणून बसवलेले दिसतात. काळ्या डोळ्यातही हे धागे असतातच, रंगाखाली झाकलेले. रंग बनवणाऱ्या पेशींची संख्यासुद्धा फिकट आणि गडद डोळ्यांत साधारण सारखीच असते. पेशी किती मेलॅनिन बनवतात आणि साठवतात, एवढाच काय तो फरक.

आता आनुवंशिकता. शाळेत आपण शिकलो की गडद रंगाचं जनुक प्रभावी, फिकट रंगाचं अप्रभावी, आणि एका जोडीवर सगळं ठरतं. ही मांडणी १९०७ साली गर्ट्रूड आणि चार्ल्स डॅव्हनपोर्ट या अमेरिकन दांपत्याने केली आणि पुढे पाठ्यपुस्तकांत ती अशी घट्ट बसली की अजून निघत नाही. ती पूर्ण चूक नाही, पण अपुरी आहे. नात्यातली कुजबुज बहुतेक त्या अपुऱ्या धड्यावरच उभी असते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डोळ्यांच्या रंगाचा मोठा भाग पंधराव्या गुणसूत्रावर ठरतो. तिथे ओसीए२ नावाचं जनुक आहे. मेलॅनिन तयार होतं ते पेशीतल्या इवल्याशा पिशव्यांमध्ये. त्या पिशव्यांतली आम्लता योग्य राहिली तरच रंग नीट तयार होतो, आणि ओसीए२ पासून बनणारं प्रथिन ती आम्लता सांभाळतं. त्याला लागून एचईआरसी२ हे दुसरं जनुक आहे. २००८ साली कोपनहेगनच्या एका गटाने आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या गटाने दाखवलं की एचईआरसी२ च्या पोटात डीएनएच्या लिपीतलं एक अक्षर बदललं की शेजारच्या ओसीए२ चं काम मंदावतं. म्हणजे ओसीए२ स्वतः धडधाकट असतं, पण त्याला चालू करणारं बटण नीट दाबलं जात नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत हा बदल असेल तर डोळे सहसा निळे किंवा फिकट होतात. एकाच प्रतीत असेल तर माणूस बहुतेक वेळा काळ्या-तपकिरी डोळ्यांचाच दिसतो, पण तो बदल पुढच्या पिढीला देऊ शकतो.

एवढ्यावर संपलं असतं तर शाळेतला धडा पुरला असता. पण या बटणाखेरीज इतर कितीतरी जनुकं रंग थोडा वर-खाली करतात. २०२१ मध्ये सुमारे १ लाख ९५ हजार लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात डोळ्यांच्या रंगाशी संबंध असलेल्या डीएनएमधल्या ६१ जागा सापडल्या आणि त्यांपैकी ५० आधी कुणाला माहीत नव्हत्या. निळा आणि गडद तपकिरी ही दोन टोकं एका मोठ्या बटणाने बऱ्यापैकी समजतात. घारा रंग मात्र या बारीकसारीक जनुकांच्या बेरीज-वजाबाकीतून येतो. त्यामुळे काळ्या डोळ्यांच्या आई-बापांना घारं मूल होणं यात शास्त्राला अडचण वाटावी असं काहीच नाही. उलटंही घडतं. निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूल क्वचित का होईना, होऊ शकतं.

हिशेबाने बघायचं तर समजा (हा आकडा फक्त समजुतीसाठी घेतेय) शंभरातल्या दहा जणांकडे फिकट रंगाची एक प्रत दडलेली आहे. त्यांच्याकडे बघून ते कळणार नाही, सगळे काळ्या डोळ्यांचेच. असे दोघं नवरा-बायको म्हणून एकत्र येण्याची शक्यता शंभरात एक, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून फिकट प्रत मिळण्याची शक्यता चारात एक. म्हणजे चारशेत एक मूल. ऐकायला दुर्मीळ वाटतं, पण २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची वस्ती साडेनऊ लाख होती; तेवढ्या वस्तीत या हिशेबाने दोन हजारांवर माणसं निघतील. कितीतरी पिढ्या हा बदल न दिसता चालत येतो आणि मग एके दिवशी बाळाच्या डोळ्यांत दिसतो. पणजोबांचे डोळे कसे होते हे आज कोण सांगणार? घरातले जुने फोटो असलेच तर कृष्णधवल.

तुमचं लग्न नात्यात झालंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे मामेबहीण-आतेभाऊ किंवा मामा-भाची अशी लग्नं अजूनही होतात म्हणून सांगते. नवऱ्याकडे एखादी दडलेली प्रत असेल तर तीच प्रत त्याच्या सख्ख्या मामेबहिणीकडे असण्याची शक्यता आठात एक, आणि सख्ख्या भाचीकडे चारात एक. बाहेरच्या मुलीपेक्षा ही नक्कीच जास्त. डोळ्यांच्या रंगापुरतं यात काही बिघडत नाही. पण हाच हिशेब काही आजारांनाही लागू होतो, त्यातल्या एकाबद्दल पुढे सांगते.

डीएनए तपासणीचं माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे, निदान या कारणासाठी तरी. डोळ्यांच्या रंगावरून बाप कोण हे ठरत नाही, ठरवूही नये. आणि रंगाचा अंदाज देणाऱ्या चाचण्यांचं म्हणाल, तर गुन्हे-तपासासाठी २०११ मध्ये सहा जागा वाचून रंग सांगणारी एक पद्धत निघाली. ती निळा आणि तपकिरी चांगला ओळखते, पण मधल्या रंगांत नेमकी अडखळते. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत पैसे देऊन जे कळेल ते तुम्हाला त्याच्या डोळ्यांत बघून फुकट कळतंय. कुजबुजीला उत्तर द्यायचंच असेल तर मिस्टरांनी द्यावं, तेही एकदाच आणि सगळ्यांसमोर. हे वैद्यकीय मत नाही, पण ओपीडीत अशा सुना बऱ्याच पाहिल्यावर माझं हे मत झालंय.

जाता जाता आणखी एक. घारे डोळे म्हणजे कोकणस्थ, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की दुसऱ्या घरात घारं बाळ आलं की लोक गोंधळतात. माझ्याकडे पद्मशाली, लिंगायत, धनगर, मुस्लिम, सगळ्या घरांतली घारी मुलं येतात. जनुकं जातीचा दाखला बघून मुक्कामाला येत नाहीत.

बाळाचा रंग सुरुवातीला बदलतो हेही लक्षात ठेवा. जन्मल्यावर पहिल्या वर्षात मेलॅनिन साठत जातं, काही मुलांत तीन वर्षांपर्यंत थोडं थोडं. चार वर्षांच्या मुलाचा रंग आता जवळपास ठरला आहे. पुढे मोठेपणी तो आपोआप बदलला, विशेषतः एकाच डोळ्यात, तर दाखवायला हवं. काचबिंदूसाठी देतो त्या लॅटानोप्रोस्टच्या थेंबांनी घारे डोळे हळूहळू गडद होतात आणि तसेच राहतात, पण तो विषय आजोबांचा.

रंगाची काळजी कधी करायची? केस आणि कातडीही घरच्यांच्या मानाने खूप फिकट असेल, डोळे सतत थरथरत असतील, मूल वस्तू फार जवळ धरून बघत असेल, तर अल्बिनिझमची शंका घ्यायची. वर ज्याचं नाव आलं ते ओसीए२ जनुक दोन्ही प्रतींत खरोखर बिघडलेलं असेल, किंवा अकराव्या गुणसूत्रावरचं टीवायआर, तर मेलॅनिन फारच कमी बनतं किंवा बनतच नाही. त्यात वर सांगितलेलं काळं अस्तरसुद्धा फिकं पडतं. आम्ही खोलीतला दिवा घालवून बाहुलीतून आत बारीक प्रकाश सोडतो. साध्या घाऱ्या डोळ्यात आयरिस काळीच राहते, अल्बिनिझममध्ये ती लालसर उजळून निघते. त्यात नजरेच्या केंद्राची वाढही अपुरी असते. नात्यातल्या लग्नाचा हिशेब सांगितला तो या आजारासाठी खरा महत्त्वाचा. मुलग्यांमध्ये आणखी एक प्रकार असतो, आईकडून एक्स गुणसूत्रावरून येणारा. त्यात केस-कातडी नेहमीसारखीच दिसते, दोष फक्त डोळ्यात असतो, पण डोळे थरथरणं तिथेही असतं. तुमच्या मुलाचे केस काळे, डोळे स्थिर, आणि लांबच्या तारेवरचा पक्षी त्याला दिसत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा. दोन डोळ्यांचे रंग एकमेकांपासून वेगळे असतील तर मात्र दाखवून घ्या, आणि सोबत कपाळावर पांढऱ्या केसांची बट असेल तर ऐकण्याची तपासणीसुद्धा करून घ्या.

आता उन्हाकडे. घाऱ्या डोळ्यांना ऊन जास्त लागतं, यात तथ्य आहे का? आहे, थोडं. फिकट आयरिसमधून थोडा जास्त प्रकाश आत झिरपतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा जो थर असतो त्यातही फिकट डोळ्यांच्या माणसांत मेलॅनिन कमी असतं, त्यामुळे आत पोचलेला उजेड कमी शोषला जातो आणि इकडे-तिकडे परततो. समोरून तीव्र प्रकाश आला की चित्र थोडं धुरकट होतं, चमक जास्त जाणवते. पण मागच्या पडद्याला अगदी लागून जो काळा थर आहे तो घाऱ्या आणि काळ्या डोळ्यांत जवळपास सारखाच असतो. म्हणून फरक जाणवला तरी तो बेताचा असतो.

मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी उघड्यावर लाखभर लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो, आणि ट्यूबलाइटच्या खोलीत दोन-तीनशे. बाहुली पूर्ण उघडी असताना साधारण आठ मिलिमीटर आणि पूर्ण आकसली तर दोन. क्षेत्रफळात फरक झाला सोळा पट. म्हणजे शेकडो पटींचा फरक एकट्या बाहुलीच्या आवाक्यातला नाही. उरलेलं काम मागचा पडदा स्वतःला जुळवून घेत करतो आणि त्याला थोडा वेळ लागतो. अंधाऱ्या घरातून एकदम अंगणात आलं की तुम्ही-आम्हीही डोळे बारीक करतो. घारं मूल जरा जास्त वेळ करील. पण काही वेळाने ते स्थिरावतं आणि खेळायला लागतं. सावलीतही डोळे उघडत नाहीत, पाणी वाहतंय, दुखतंय असं होत असेल तर त्याला रंग कारण नाही. उजेडाने होणाऱ्या दुखण्याचा रस्ताच वेगळा आहे. मागच्या पडद्यात काही पेशी चित्र बनवायचं काम जवळपास करत नाहीत, त्या मुख्यतः उजेड किती आहे ते मोजतात. त्यांतलं मेलॅनोप्सिन हे द्रव्य १९९८ मध्ये सापडलं आणि या पेशी स्वतः प्रकाशाला प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं. त्यांचा निरोप चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या नसांच्या जाळ्यापर्यंत पोचतो. म्हणून बुबुळाला ओरखडा, आत सूज किंवा अर्धशिशी असेल तेव्हा साधा उजेडही टोचतो, डोळे कितीही काळे असोत.

आणि आता तो एक डोळा. तुमच्या मुलाचे दोन्ही डोळे सारखेच घारे आहेत. ऊन जर रंगामुळे सोसत नसतं तर त्याने दोन्ही डोळे बारीक केले असते. एकच का मिटला असता?

या वयाचं मूल उन्हात ठरावीक एक डोळा मिटतं तेव्हा माझ्या मनात पहिली शंका येते ती अधूनमधून बाहेर सरकणाऱ्या तिरळेपणाची. यात डोळे बहुतेक वेळ सरळ असतात. मूल दमलं, झोपेला आलं, तापात असलं किंवा लांब कुठेतरी शून्यात बघत बसलं की एक डोळा कानाच्या बाजूला सरकतो, आणि हाक मारली की परत जागेवर येतो. भर उजेडात दोन डोळ्यांची जोडी टिकवणं अशा मुलांना अवघड जातं आणि ती एक डोळा मिटून घेतात. आई-वडिलांना तिरळेपणा दिसतच नाही, दिसतं ते फक्त डोळा मिटणं. दवाखान्यात जवळून टॉर्च दाखवला तर डोळे सरळच दिसतात, त्यामुळे घाईच्या तपासणीतही हे निसटतं.

घरी तुम्ही दोन गोष्टी करून बघा. संध्याकाळी गच्चीवर न्या, लांबच्या पाण्याच्या टाकीवर बसलेली पाखरं मोजायला सांगा, आणि तो मोजत असताना तुम्ही टाकीकडे नाही, त्याच्या डोळ्यांकडे बघा. मग तळहाताने एक डोळा चार-पाच सेकंद झाका आणि हात काढताक्षणी तो डोळा बाहेरून आत येऊन जागेवर बसतो का ते पाहा. दोन्ही डोळ्यांना आळीपाळीने करा. शिवाय मोबाइलमधले जुने फोटो चाळा, विशेषतः लग्नाकार्यातले, रात्री उशिराचे, पोरगं पेंगुळलेलं असतानाचे. फ्लॅशचा ठिपका एका डोळ्यात बाहुलीच्या मधोमध आणि दुसऱ्यात एका कडेला दिसला तर तो फोटो वेगळा काढून ठेवा. हे बघताना एका बाहुलीत लाल ऐवजी पांढरी चमक वारंवार दिसली तर मात्र माझं पुढचं काही वाचत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. ते क्वचित असतं, पण त्यात थांबायचं नसतं.

घरी काही दिसलं नाही तरी तपासणी टाळू नका, कारण हा तिरळेपणा लहरी असतो. तो निघाला तर घाबरण्याचं कारण नाही. आधी नंबर तपासतात, गरज असेल तर चष्मा, कधी रोज काही वेळ चांगल्या डोळ्यावर पट्टी, आणि डोळा बाहेर राहण्याचं प्रमाण वाढत चाललं तर स्नायूंचं ऑपरेशन. कुणाला केव्हा काय करायचं हे मूल समोर बघूनच ठरतं. काही घरांत डोळा किंचित चकणा असणं शुभ मानतात आणि ‘वय वाढलं की सरळ होईल’ म्हणून वाट बघतात. वस्तू किती जवळ, किती लांब हे जोखणारी नजर दोन्ही डोळे मिळून काम करतात तेव्हाच टिकते, आणि ती गेल्यावर परत मिळवणं फार कठीण.

दुसरी शक्यता ॲलर्जीची, आणि सोलापुरात ती मी फार बघते. कोरडी हवा, धूळ, यंत्रमागाच्या भागात हवेत उडणारे सुताचे बारीक तंतू. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंतच्या मुलग्यांत ही उन्हाळी ॲलर्जी जास्त. खाज, तारेसारखी ओढली जाणारी चिकट चिपडं, आणि उजेड नकोसा होणं. एका डोळ्याला जास्त त्रास असेल तर तोच मिटला जातो. तुमचा मुलगा डोळे चोळतो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. चोळत असेल तर आधी याच दिशेने बघावं लागेल. इथे एक हात जोडून सांगणं आहे. मेडिकलमधून ‘मागच्या वेळचेच थेंब द्या’ म्हणून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालू नका. लाली दोन दिवसांत जाते म्हणून ते आवडतात, आणि त्यांच्यापायी लहान वयात काचबिंदू आणि मोतीबिंदू झालेली मुलं आमच्याकडे येतात.

बाकीची कारणं थोडक्यात. त्रास अचानक, एका डोळ्यात आणि लालीसकट सुरू झाला असेल तर कचरा, ओरखडा किंवा आतली सूज. जन्मापासून उजेड नकोसा, पाणी वाहतंय आणि बुबुळं मोठाली असतील तर जन्मजात काचबिंदू. अशा बाळांना ‘काय टपोरे डोळे!’ म्हणून कौतुक मिळतं आणि उपचाराचे महिने वाया जातात. दिवसा कमी दिसतं आणि संध्याकाळी बरं दिसतं असं असेल तर मागच्या पडद्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींचा दोष. चार वर्षांपर्यंत तुमच्या घरात हे लक्षात आलं नसेल अशी शक्यता कमीच.

गॉगलचं बोलायचं तर उन्हात टोपी आधी, तीही पुढे चांगली झडप असलेली, कारण आपल्याकडे ऊन डोक्यावरून येतं. गॉगल जरूर लावा, पण काच किती काळी आहे ते बघू नका, यूव्ही ४०० (म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच) लिहिलंय का ते बघा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते जास्तच आत जातात. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग मोठ्यांपेक्षा जास्त अतिनील किरण आत सोडतं, म्हणून हे महत्त्वाचं. नवी पेठेत हातगाडीवर मिळणाऱ्या गॉगलवर तसा स्टिकर असला तरी माझा भरवसा बसत नाही. चष्म्याच्या दुकानातून घ्या, बऱ्याच दुकानांत मोजायचं यंत्र असतं. पॉलिकार्बोनेटची काच साधी, पारदर्शक असली तरी अतिनील किरण अडवते आणि पडल्यावर फुटत नाही, म्हणून मुलांना तीच बरी. उन्हात आपोआप काळी होणारी काच अनेकजण मागतात. ती थंडीत छान गडद होते, पण ४२-४३ अंशांच्या उन्हाळ्यात, जेव्हा खरी गरज असते, तेव्हा कमी गडद होते, आणि चारचाकीत काचेआड तर जवळपास नाहीच. नंबर असेल तर घ्या, पण अपेक्षा बेताची ठेवा.

घरात, शाळेत गॉगल नको. सतत अंधाराची सवय लागली की साधा उजेडही जास्त टोचायला लागतो. आणि ‘डोळे घारे आहेत’ म्हणून त्याला घरात कोंडू तर अजिबात नका. रोज दोनेक तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं. मे महिन्यात सकाळी दहाच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर खेळू द्या, मधला वेळ सावलीत.

तपासणीला जाताना वेळ काढून जा. मुलांचा नंबर बाहुली मोठी करायचे थेंब घालूनच बघावा लागतो, आणि इथे रंगाचा खरा, रोज दिसणारा परिणाम बघायला मिळतो. मेलॅनिन हे औषध धरून ठेवतं. काळ्या डोळ्यांची मुलं बाकड्यावर डोळे मिटून बसलेली असतात, सिस्टर पुन्हा पुन्हा थेंब घालते आणि बाहुली सावकाश उघडते. घाऱ्या मुलाची आई पहिल्या थेंबानंतर पाण्याची बाटली भरून येईतो त्याची बाहुली मोठी व्हायला लागलेली असते. त्यामुळे तुमच्या मुलाला घारे डोळे आहेत हे थेंब घालणाऱ्यांना आधीच सांगा, कमी थेंबांत भागेल. त्या दिवशी, कधी दुसऱ्या दिवशीही, त्याला उजेड नक्कीच जास्त लागेल आणि जवळचं धूसर दिसेल. ॲट्रोपिनचं मलम दिलं असेल तर आठवडा-दहा दिवस तसंच चालतं. तेवढे दिवस टोपी-गॉगल दोन्ही लावा आणि शाळेत बाईंना चिठ्ठी द्या. थेंब घालण्याआधी मात्र डॉक्टरांना एवढं सांगायला विसरू नका: ‘हा उन्हात उजवा (किंवा डावा) डोळा मिटतो, लांब बघताना डोळे सरळ राहतात का ते बघा.’ थेंब घातल्यावर ती तपासणी नीट होत नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी परत हेलपाटा पडतो.